नवसाचं वजन

घरात सून उपाशी मरत होती आणि इरम्मा गल्लीत गूळ वाटत होती. एकेकीच्या हातावर खडा ठेवताना सांगत होती, "लक्ष्मम्माला दिवस गेल्यात गं! सात वर्सांनी!" अणदुरातल्या बायकांनी गूळ तोंडात टाकला, तोंड भरून आशीर्वाद दिले आणि आपापल्या कामाला लागल्या. एकीच्याही मनात पाल चुकचुकली नाही. भरल्या घरात, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत असं काही घडू शकतं, ह्याचा धक्का त्या गावाला पुढं कित्येक वर्षं पचला नाही. इरम्माला तर तो जन्मभर पचला नाही.

इरम्मा म्हणजे गूळ-तेलाचे व्यापारी महालिंगप्पा ह्यांची बायको. महालिंगप्पा तरणेपणीच गेले. पदरात एक पोरगा, शिवलिंगप्पा, आणि पेठेच्या तोंडाशी दुकान. पोरगा मोठा होऊन गादीवर बसला, तरी दुकान चालायचं ते इरम्माच्या आवाजावर. देवाशी ती कानडीत बोलायची, गिऱ्हाइकाशी मराठीत, आणि सक्तीच्या लेव्हीच्या धान्यासाठी निजामाचा अंमलदार दारात आला की त्याच्याशी त्याच्याच उर्दूत भांडायची. मनानं मोठी, हातानं त्याहून मोठी. दाराशी आलेलं माणूस तिनं कधी रिकाम्या पोटी जाऊ दिलं नाही. खोट एकच, तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. घरात सकाळी घडलेलं दुपारपर्यंत पेठेत पोचायचं, आणि पोचेपर्यंत त्याला शिंगं फुटलेली असायची.

सून तिनं तामलवाडीची केली. लक्ष्मम्मा. नाकीडोळी नीटस, कमी बोलणारी, कामाला वाघ. इरम्माचा तिच्यावर फार जीव. पहिल्या बाळंतपणात, चन्नम्माच्या वेळी, लक्ष्मम्माला बाळंतज्वर चढला. तिसऱ्या दिवशी ती माणूस ओळखेना. सुईणीनं मान हलवली. तेव्हा इरम्मा अनवाणी धावत खंडोबाच्या देवळात गेली आणि पायरीवर कपाळ आपटून ओरडली, "मैलारलिंगा, माझी सून उठू दे! तिच्या भारंभार गूळ वाहीन तुला!"

सून उठली. मग इरम्मानं तिला जे खाऊ घालायला सुरुवात केली ती थांबवलीच नाही. डिंकाचे लाडू, खारकेची खीर, भाकरीवर तुपाची धार. लक्ष्मम्मा "पुरं" म्हणाली की वाटीभर आणखी. बाळंतपणाचा विडा-काढा संपला, वर्ष सरलं, दोन वर्षं सरली, तरी तुपाची धार चालूच. लक्ष्मम्मा अंगानं भरली, मग सुटली, मग तिला बारवेच्या पायऱ्या चढताना धाप लागायला लागली आणि गुडघे धरायला लागले. पण इरम्माला ते दिसेना. तिला दिसायचं ते हे, की मरणाच्या दारातून परत आणलेली सून कशी टवटवीत दिसतेय. शेजारणींना ती म्हणायची, "बघा की, आमच्या घरचं अन्न कसं अंगाला लागतंय!"

नवस मात्र राहिला. लढाई पेटली, गूळ कंट्रोलात गेला, लग्नाकार्याला मिळेना तिथं तुलेला कुठून आणायचा? लढाई संपली तेव्हा चन्नम्मा सात वर्षांची झाली होती. इरम्मानं जाहीर करून टाकलं, येत्या मार्गशीर्षात, देव नळदुर्गाच्या देवळात मुक्कामाला निघायच्या आधी, लक्ष्मम्माची गूळतुला करायची. जाहीर म्हणजे कसं? बाजारच्या दिवशी, दुकानाच्या पायरीवर उभं राहून.

आणि त्याच दिवशी तिला ती अवदसा आठवली.

"गुंडाप्पा," तिनं दुकानातल्या तोलाऱ्याला हाक मारली, "किती ढेपा बाजूला ठेवायच्या त्ये कळाया नगं? बसवून बघू की तिला काट्यावर. लक्ष्मम्मा, ये गं भाईर!"

लक्ष्मम्मा पदर ओढून घेत दारात आली. दुकानात गिऱ्हाईक दाटलेलं. "आत्याबाई, नंतर बघू की," ती पुटपुटली.

"अगं, लाजती काय? देवाचं काम हाय."

आढ्याला टांगलेल्या मोठ्या काट्याच्या फळीवर लक्ष्मम्मा बसली. दुसऱ्या फळीवर गुंडाप्पा ढेपा रचू लागला. फळी जमिनीवरून उचलली, हातभर वर गेली, आणि काड्‌कन दोर तुटला. दोर जुना होता, उंदरांनी कुरतडलेला होता, हे नंतर गुंडाप्पानं सतरा जणांना दाखवलं. पण नंतरचं कोण बघतो? लक्ष्मम्मा धप्पकन खाली बसली. मग जे हसू फुटलं ते थेट पेठेच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यानं हसली ती इरम्मा. सुनेला लागलं नाही ह्याचा तिला आनंद झाला होता, एवढंच. पण पदराच्या आड लक्ष्मम्माचं तोंड कसं झालं होतं, ते कुणी पाहिलं नाही.

पुढचे आठ दिवस इरम्मानं ती हकिगत घरोघर सांगितली. सांगता सांगता दोराची साखळी झाली, ढेपांची गाडी झाली. "काटा तुटला की गं!" म्हणून ती टाळी द्यायची. लक्ष्मम्मा बारवेवर गेली की बायका बाजूला होऊन म्हणायच्या, "हळू गं, पायऱ्या जपून." पोरं मागून काड्‌कन आवाज काढायची.

मग एका सकाळी पूजेनंतर लक्ष्मम्मा सासूच्या पाया पडली.

"आत्याबाई, गूळतुला हुईस्तवर म्या नेम धरावा म्हंते. दिसातनं येकदाच प्रसाद घेईन. तो बी समद्यांच्या मागनं."

इरम्माचे डोळे भरून आले. त्यांच्यात गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय कुणी घास घेत नाही आणि पूजेनंतरच्या जेवणाला प्रसाद म्हणतात. सून आपण होऊन देवासाठी जेवणाला आळा घालतेय म्हटल्यावर सासूला अभिमान वाटला नाही तरच नवल. तिनं तेही गावभर सांगितलं.

आता ह्या घराची एक रीत होती. प्रसाद वाया जाऊ द्यायचा नाही. जेवण झालं की ताटात पाणी घालायचं, बोटांनी ताट खळबळून घ्यायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. शिताचा कण मागं राहता कामा नये. शिवलिंगप्पापासून चन्नम्मापर्यंत सगळ्यांची ताटं जेवणानंतर लख्ख. इरम्मा रोज दुपारी चुलीपाशी डोकावून बघायची. लक्ष्मम्माचं ताट लख्ख असायचं. "झाला का गं प्रसाद?" "झाला, आत्याबाई." इरम्मा समाधानानं पान लावायला बसायची.

ताट लख्ख असायचं, कारण त्यात काही वाढलेलंच नसायचं.

सुरुवातीला लक्ष्मम्मा अर्धी भाकरी खायची. मग पाव. मग मूठभर फुटाणे आणि तांब्याभर पाणी. पोट आत गेलं, चोळी सैल झाली आणि तिला हुरूप आला. आठवड्याच्या बाजारात झाडपाल्याची पथारी मांडून एक फिरस्ता बसायचा. त्यानं तिला सोनामुखीचा पाला दिला. कोठा साफ करायला लोक तो कधीमधी घेतात. हिनं तो रोज उकळून प्यायला सुरुवात केली. दिवसातून चारदा परसाकडं पळायची आणि दर खेपेला वाटायचं, चला, आणखी थोडी हलकी झाले.

आणि गावानं काय करावं? गावानं तिची तारीफ केली! कालपर्यंत जिला हसत होते तिला बघून आता बायका म्हणायला लागल्या, "लक्ष्मम्मा कशी झटकली बघ. नेमाचं तेज हाय." ज्या तोंडांनी तिला ह्या खाईत ढकललं, त्याच तोंडांनी तिला आणखी खोल जायला सांगितलं. संताप येतो. पण खरं सांगायचं तर त्यांच्यात वाईट मनाची एकही बाई नव्हती.

इरम्माला खुणा दिसल्या नाहीत असं नाही. सगळ्या दिसल्या. आश्विनाचं ऊन असताना सुनेचे हात गार लागायचे. फणीला केसांचे पुंजके यायचे. पोटऱ्यांत गोळे यायचे, चालता चालता ती भिंत धरायची. सकाळी पूजेला बसली की डाव्या तळहातावरचं लिंग थरथरायचं आणि ती उजव्या हातानं डावा हात धरून ठेवायची. एकदा ओकारीचे उमाळे आले, बाहेर नुसतं पिवळं पाणी. आणि दोन महिने तिची पाळी आली नाही.

चक्कर, ओकारी, पाळी नाही. इरम्मानं बोटं मोजली आणि आनंदानं तिला रडूच फुटलं. सात वर्षं ती वाट बघत होती. नवसाची नुसती तयारी काय केली, देवानं पदर भरला! तिनं सुनेला विचारलं का? विचारलं की. "दिवस गेल्यात न्हवं?" म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता गुळाची ढेप फोडायला बसली. लक्ष्मम्मा काहीतरी बोलायला तोंड उघडत होती. पण इरम्मासमोर बोलायला सवड मिळणं सोपं नव्हतं, आणि त्या दिवसांत तिच्यात तेवढा दमही उरला नव्हता. शिवाय तिलाही वाटलं असेल, असतीलही दिवस, कुणास ठाऊक. उपाशी डोक्याला धड विचार तरी कुठून सुचणार?

तर असा तो गूळ वाटला गेला.

कार्तिकात इरम्मानं चोरओटी भरायचं काढलं. चोरओटी म्हणजे घरातल्या घरात, पाचसात सवाष्णी बोलावून. इरम्मानं पन्नास बोलावल्या. सोप्यात पाट मांडला, रांगोळी काढली. लक्ष्मम्माला हिरवं लुगडं नेसवलं. ते नेसवताना इरम्माचा हात सुनेच्या कमरेला लागला आणि ती दचकली. हाडाला हात लागला होता. पोटुशी बाई आणि कमरेचं हाड हाताला लागतं? क्षणभर काहीतरी खटकलं. पण दारात बायका आल्या, "या की, बसा की" सुरू झालं आणि ते खटकलेलं तिथंच राहिलं.

लक्ष्मम्मा पाटावर बसली. कपाळी विभूती लावलेली, तिच्याखाली चेहराही तसाच पांढरा. ओटी घ्यायला तिनं पदर पसरला. इरम्मानं ओंजळभर गहू घातले, गुळाचा खडा घातला, खारीक, सुपारी घातली आणि वर नारळ ठेवला. नारळ ठेवताच लक्ष्मम्मा पुढं झुकली. आधी वाटलं, पाया पडतेय. मग पदर हातातून सुटला, गहू सोपाभर सांडले, नारळ गडगडत उंबऱ्याशी गेला आणि लक्ष्मम्मा कुशीवर कलंडली. डोळे अर्धे उघडे, ओठ निळसर. एक बाई किंचाळली. चन्नम्मानं "आई!" म्हणून हंबरडा फोडला.

"अय्यो शिवने!" एवढंच इरम्माच्या तोंडून आलं. तिनं सुनेला उचलायला हात घातला. ती सहज उचलली गेली. जिच्यासाठी ढेपांची गाडी लागणार म्हणून ती गावभर सांगत होती, ती बाई म्हाताऱ्या सासूच्या हातांनी पाटावरून उचलली गेली.

शिवलिंगप्पानं गाडी जुंपली. नळदुर्गच्या सरकारी दवाखान्यापर्यंत बैल पळवत नेले. सगळ्या वाटेनं इरम्मा सुनेचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या पोटावरून हात फिरवत होती. "लेकरू ऱ्हाऊ दे देवा, लेकरू ऱ्हाऊ दे," असं ती म्हणत होती. लेकराची काळजी करत होती ती! अजूनही तिच्या ध्यानात आलं नव्हतं की मांडीवर जे आहे तेच जायला निघालंय.

दवाखान्यातले डॉक्टर हाफिजोद्दीन हे वयस्क, तुटक बोलणारे गृहस्थ. त्यांनी नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही. डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या, जीभ पाहिली, पोट चाचपलं. मग लुगड्याच्या कनवटीला काहीतरी हाताला लागलं म्हणून दवाखान्यातल्या दाईनं ते सोडून त्यांच्या हातात दिलं. पुरचुंडीत सोनामुखीचा पाला होता. डॉक्टरांनी वास घेतला आणि इरम्माकडं वळून बघितलं.

"कबसे खाना बंद है?"

"बंद न्हाय ओ साहेब," इरम्मा म्हणाली. "नेम हाय तिचा, पर रोज येकदा जेवती. म्या सोता बघते, ताट लख्ख असतंय. पोटुशी हाय, तिसरा महिना..."

"अम्मा," डॉक्टर म्हणाले, "इनके पेट में बच्चा नहीं है. रोटी का टुकडा भी नहीं है."

इरम्माला शब्द कळले, अर्थ आत शिरेना. ताट लख्ख असतं. ताट लख्ख असतं. आणि मग एकदम सगळं आत शिरलं. लख्ख ताट, गार हात, फणीतले केस, कमरेचं हाड. ती दवाखान्याच्या फरशीवर मटकन बसली. ज्या घरातून भिकारीसुद्धा उपाशी जात नाही, त्या घरची सून अडीच महिने उपाशी होती. आणि ती रोज दुपारी तिचं ताट बघून पान खायला बसत होती.

"दिल की धडकन ठीक नहीं," डॉक्टर शिवलिंगप्पाला सांगत होते. "दो-तीन दिन भारी हैं. कुछ कह नहीं सकता." त्या पाल्यानं अंगातली चरबी गेली नव्हती, पाणी गेलं होतं, क्षार गेले होते, आणि उपासानं हातापायांतलं बळ खाल्लं होतं. अंगाला अन्न मिळालं नाही की ते स्वतःलाच खायला लागतं आणि काळीज काही त्यातून सुटत नाही, असं त्यांनी त्यांच्या भाषेत सांगितलं. शिवलिंगप्पा ऐकत होता. इतके दिवस हा नवरा कुठं होता, असं कुणी विचारेल. गादीवर होता. बायको काय खाते ते बघणं हे गादीवरचं काम नाही, असं तेव्हा सगळेच मानत.

इरम्माला एकच इलाज ठाऊक होता. तिनं नळदुर्गच्या बाजारातून तूप आणि रवा आणवला, दवाखान्यामागं तीन दगड मांडले आणि वाटीभर शिरा करून आणला. लक्ष्मम्मा शुद्धीवर आली होती. इरम्मानं घास तिच्या ओठांशी नेला, तेवढ्यात डॉक्टरांनी तिचा हात मनगटात धरला.

"मार डालना है क्या?"

डॉक्टरांनी वाटी काढून घेतली. दुष्काळी कामावर असताना त्यांनी पाहिलं होतं, म्हणाले, महिनोन्‌महिने उपाशी राहिलेली माणसं अन्नछत्रावर यायची, पोट फुटेस्तोवर जेवायची आणि तिथंच पंगतीत आडवी व्हायची. भुकेतून तगलेली माणसं जेवणानं मेली. सुकून गेलेल्या अंगाला एकदम अन्न सोसत नाही. चमचाभर पेज, मग घटकाभरानं चमचाभर पेज, मिठाचं पाणी, ताकाची निवळी. बस्स.

इरम्माच्या मनात आलं, उपाशी ठेवून मारत होते, आता जेवू घालून मारलं असतं. तिच्या हातांचा तिलाच भरवसा वाटेना. पेजेची वाटी तिनं दाईच्या हातात दिली आणि आपण भिंतीला पाठ लावून बसली.

दोन दिवस लक्ष्मम्माचं काळीज चुकत माकत चाललं. तिसऱ्या दिवशी नाडी ठिकाणावर आली. सुनेनं डोळे उघडून पाणी मागितलं तेव्हा इरम्माला राहवलं नाही.

"असं का केलंस गं पोरी? काय कमी हुतं घरात?"

लक्ष्मम्मानं पाण्याचा घोट घेतला. "मला त्या काट्यावर पुन्ना बसायचं हुतं, आत्याबाई. समद्यांसमोर. माणसं हसाया नगं हुती."

"कोन हसलं तुला? नाव सांग मला. जीभ उपटते एकेकाची!"

"समदीच हसली," लक्ष्मम्मा म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "पयल्यांदा तुमी हसला."

दोर तुटला तेव्हाचं आपलंच हसू इरम्माला ऐकू आलं. घरोघर दिलेल्या टाळ्या ऐकू आल्या. देवाला बोललेला नवस सुनेच्या जिवाचा होता. तिनं तो गावाला दाखवायला काढला होता.

दवाखान्यातून निघताना लक्ष्मम्मानंच डॉक्टरांना विचारलं. पदर सावरून, मान खाली घालून, पण विचारलं. "साहेब, मग म्या बारीक व्हायचंच न्हाय का? गुडघं लई दुखत्यात. चढाला दम लागतोय."

डॉक्टर पहिल्यांदा हसले. "होना. जरूर होना. मगर जल्दी नको. सात बरस में चढा, दो महिने में कैसा उतरेगा? भाकर आधी कम करो. घी बंद नको, कम करो. भाजी, ताक बढाओ. रोज चलो. महिने को थोडा उतरे तो बहोत है. और ये पाला," त्यांनी बोट नाचवलं, "हरगिज नको." मग इरम्माकडं वळून म्हणाले, "और अम्मा, आप परोसते वक्त हाथ रोको."

हात रोखणं हे इरम्माला मरणाहून अवघड होतं. घरी आल्यावर पहिला महिनाभर ती तुपाची वाटी घेऊन उठायची आणि चुलीपाशीच थांबायची. लक्ष्मम्मा "पुरं" म्हणाली की इरम्माचा हात आपोआप पुढं जायचा, मग मागं यायचा. नेम मोडला होता. सून आता सगळ्यांच्या मागून जेवत नव्हती. इरम्मानं तिचं ताट आपल्या ताटाला लावून मांडायला सुरुवात केली आणि ती पहिला घास घेईपर्यंत आपण घास घ्यायची नाही.

ज्वारीची भाकरी, डाळ, माठाची भाजी, वाटीभर ताक. आधी सोप्यातल्या सोप्यात चालणं, मग परसदारी, मग सकाळी दोघी मळ्यापर्यंत जायला लागल्या. गमतीची गोष्ट म्हणजे आधी लक्ष्मम्माचं वजन वाढलं, आणि ती घाबरली. इरम्मा म्हणाली, "वाढू दे. उसनं गेलेलं परत येतंय." मग हळूहळू, कुणाच्या ध्यानातही येऊ नये इतकं हळू, अंग उतरू लागलं. चैत्रात ती बारवेच्या पायऱ्या न थांबता चढली. पावसाळ्यात नवे केस आले, आखूड, उभे राहणारे. पाळी परत आली तेव्हा इरम्मानं कुणालाही काही सांगितलं नाही. लक्ष्मम्मा काही सडपातळ झाली नाही. थोराड बांध्याचीच राहिली. पण तोंडावर रक्त आलं, गुडघे बोलेनासे झाले.

गावातल्या बायका आता विचारायच्या, "इरम्मा, आता का गप गप असता?" ती म्हणायची, "काम हाय मला."

मार्गशीर्ष पुन्हा जवळ आला. नवस बाकीच होता. इरम्मा एका दुपारी सुनेसमोर येऊन बसली. सासू सुनेसमोर अशी बसत नाही, अपराध्यासारखी.

"लक्ष्मम्मा, एक इचारू का? तुला नगं असंल तर म्या देवाचं पाय धरते. नवस माझ्या तोंडचा हाय, पाप मला लागू दे. तुला काट्यावर बसवत न्हाय."

लक्ष्मम्मा शेंगा निवडत होती. तिचे हात थांबले. वर्षभरापूर्वी हा प्रश्न कुणी विचारला असता तर, हे दोघींच्याही मनात आलं असावं.

"बसते म्या," शेवटी ती म्हणाली. "तुमी माझ्या जिवासाठी बोलला हुता. पर एक हाय, आत्याबाई. तुमी काट्यापाशी उभ्या ऱ्हावा. अन्‌ काय बोलू नगा."

तुलेच्या दिवशी देवळाच्या ओवरीत नव्या दोरांनी काटा टांगला. अणदूर सगळं लोटलं होतं. लक्ष्मम्मा पदर सावरून फळीवर बसली, ताठ मानेनं. दुसऱ्या फळीवर गुंडाप्पा ढेपा ठेवत गेला. तोलारी माणूस, वजन भरलं की आकडा मोठ्यानं पुकारायची त्याला सवय. काटा सरळ झाला, दांडी थांबली. गुंडाप्पानं छाती भरून श्वास घेतला. इरम्मानं नुसतं त्याच्याकडं बघितलं. तो श्वास त्यानं तसाच सोडून दिला.

भंडारा उधळला, गुळाचे खडे वाटले गेले. बायकांनी इरम्माला घेरलं. वर्षभर दाबून ठेवलेली उत्सुकता होती ती. "किती भरली ओ? सांगा की! मागच्या वक्ताला किती हुती, आन आता किती?"

इरम्माला आकडा ठाऊक होता. ढेपा तिच्याच दुकानातल्या होत्या. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"त्ये देवाचं अन्‌ तिचं हाय," ती म्हणाली. "माझं काय त्यात?"